दोन बाळं येणार आहेत, तयारी कुठून सुरू करू?

(नवजात बालकांच्या अतिदक्षता विभागात २२ वर्षं परिचारिका म्हणून काम केलेल्या आणि स्वतः जुळ्या मुलींची आई असलेल्या आमच्या स्तंभलेखिका या वेळी तीन पत्रांना उत्तरं देत आहेत.)

प्रश्न : ताई, मला २०वा आठवडा चालू आहे. पहिलंच बाळंतपण आणि सोनोग्राफीत जुळं दिसलं. घरात रोज कुणीतरी नवी यादी घेऊन येतं. दोन पाळणे, जुळ्यांची बाबागाडी, कपड्यांचे ढीग. रिपोर्टवर 'एमसीडीए' असं लिहिलंय आणि डॉक्टर दर दोन आठवड्यांनी बोलावतात. माझ्या मैत्रिणीलाही जुळं झालं, तिला महिन्यातून एकदाच बोलावत. माझ्यात काही बिघाड आहे का? आणि तयारी नेमकी कुठून सुरू करू?

उत्तर : तुमच्यात काहीही बिघाड नाही. तुमचं जुळं आणि मैत्रिणीचं जुळं यांत बहुधा वारेचा (नाळ जिला जोडलेली असते त्या प्लॅसेंटाचा) फरक असणार. जुळं म्हटलं की लोक आधी विचारतात, दोघं सारखी दिसणार का? डॉक्टर आधी बघतात ते वार एक आहे की दोन. ११ ते १४ आठवड्यांच्या सोनोग्राफीत हे सगळ्यांत स्पष्ट दिसतं. पुढे बाळं वाढतात, आतली जागा दाटते आणि तेच सांगणं अवघड होऊन बसतं. 'एमसीडीए' म्हणजे दोघांत मिळून वार एकच, पण पाण्याची पिशवी प्रत्येकाची वेगळी.

वार एक असली की तिच्यातल्या दोघांच्या रक्तवाहिन्या एकमेकींना जोडलेल्या असतात. बहुतेकदा देवाणघेवाण बरोबरीची राहते. पण अशा शंभर गर्भारपणांपैकी १० ते १५ वेळा रक्ताचा ओघ एकाकडून दुसऱ्याकडे जास्त वाहायला लागतो. देणाऱ्याभोवतीचं पाणी आटत जातं, घेणाऱ्याभोवती साठत जातं आणि त्याच्या हृदयावर ताण येतो. सुरुवातीला आईला यातलं काही जाणवत नाही, ते सोनोग्राफीतच कळतं. म्हणून १६व्या आठवड्यापासून दर दोन आठवड्यांनी तपासणी. वार वेगळी असेल आणि बाकी सगळं ठीक असेल, तर चार आठवड्यांनी चालतं. वेळेत सापडलं तर दुर्बिणीतून लेझरने त्या जोडवाहिन्या बंद करता येतात. तेव्हा एकही तारीख चुकवू नका, 'मागच्या खेपेला सगळं छान होतं' म्हणून तर मुळीच नको. आणि मधल्या दिवसांत पोट एकाएकी ताणल्यासारखं वाढलं किंवा धाप लागायला लागली, तर पुढच्या तारखेची वाट पाहत बसू नका.

(सारखेपणाचं म्हणाल तर, वार एक असेल तर बाळं एकाच बीजापासून झालेली असतात. उलटं मात्र खरं नाही. वार वेगळी असूनही बाळं एकाच बीजाची असू शकतात, एकबीज जुळ्यांपैकी सुमारे एक तृतीयांश तशीच असतात.)

आता तयारी. फाईलवर ४० आठवडे पूर्ण होण्याची जी तारीख लिहिली आहे, ती तयारीसाठी विसरून जा. निम्म्याहून जास्त जुळी ३७ आठवड्यांच्या आत जन्मतात. काहीही गुंतागुंत नसली तरी एक वार, दोन पिशव्या असतील तर ३६ आठवड्यांच्या सुमारास बाळंतपण करायचं ठरवतात, वार वेगळी असेल तर ३७च्या पुढेमागे. म्हणजे तुमच्या हातात २० आठवडे नाहीत, फार तर १६ आहेत, आणि शेवटचे काही आठवडे तुम्हाला खाली वाकून चप्पल घालणंही जड जाणार आहे. माझं म्हणणं इतकंच, की ठरवाठरवी २८व्या आठवड्यापर्यंत आणि बॅग ३०व्या आठवड्यापर्यंत झाली पाहिजे.

हे मी अनुभवावरून सांगते. ज्या विभागात मी रोज जुळ्यांच्या आयांना हेच समजावत होते, तिथून घरी येऊन मी स्वतः मात्र 'अजून वेळ आहे' म्हणत राहिले. ३४व्या आठवड्यात रात्री दोन वाजता पाणी गेलं. रक्तगटाचा कागद एका कप्प्यात, शेवटची सोनोग्राफी दुसऱ्याच पिशवीत. माझे यजमान कपाटातले कपडे खाली टाकून कागद शोधत होते आणि मी दाराशी, पायांत टॉवेल धरून उभी. ती वीस मिनिटं मला आजही आठवतात. सगळे रिपोर्ट एका फाईलमध्ये, फाईल दाराजवळच्या खुंटीला, आणि प्रत्येक कागदाचा फोटो दोघांच्या फोनमध्ये. आजच करून टाका.

ठरवाठरवी म्हणजे काय? पहिलं, जिथे बाळंत होणार तिथे नवजात अतिदक्षता विभाग आहे का आणि त्या रात्री दोन जागा रिकाम्या नसल्या तर काय करतात, हे स्पष्ट विचारा. एक बाळ इथे, दुसरं शहराच्या दुसऱ्या टोकाला आणि टाके घातलेली आई तिसरीकडे, अशी कुटुंबं मी पाहिली आहेत. दोघांना जागा मिळेल असं ठिकाण आधीच हेरून ठेवणं, ही त्या सगळ्या पाळण्यांपेक्षा मोठी तयारी आहे. दुसरं, अवेळी कळा सुरू झाल्या तर बाळांच्या फुप्फुसांसाठी आईला स्टिरॉइडची इंजेक्शनं देतात. औषधानुसार ती २४ तासांच्या अंतराने दोन किंवा १२ तासांच्या अंतराने चार असतात. जन्माआधी निदान एक दिवस मिळाला तर त्यांचा उपयोग सर्वांत चांगला होतो. म्हणून पोट थोड्या थोड्या वेळाने दगडासारखं कडक होत असेल, कंबर धरून येत असेल, पाणी किंवा रक्त जात असेल, तर 'सकाळी बघू' म्हणू नका. त्या रात्रीच्या सहा तासांची किंमत मी काचेच्या पेटीपाशी उभी राहून पाहिली आहे. जुळ्यांत रक्तदाब चढण्याचा धोकाही जास्त असतो. न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे चमकणं, चेहरा सुजणं, छातीखाली उजवीकडे दुखणं, तळहात-तळपायांना सारखी खाज, बाळांची हालचाल मंदावणं, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी दाखवा.

बाळांना काही दिवस पेटीत ठेवावं लागेल, हे मनाशी धरून चाला. लागलं नाही तर उत्तमच. कित्येकदा एक बाळ घरी जाण्याजोगं होतं आणि दुसऱ्याला अजून आठवडा हवा असतो, त्या आठवड्यात कोण कुठे थांबणार हेही बोलून ठेवा. आणि एक गोष्ट आत्ताच शिकून घ्या. पहिल्यांदा पेटीपाशी आलेली आई काय करते? एक बोट आत घालून बाळाच्या दंडावरून हळूच फिरवते. बाळ दचकतं, बोटं फाकवतं, मॉनिटरवरचा ऑक्सिजनचा आकडा खाली येतो. आई हात मागे घेते आणि मग दोन दोन दिवस हात लावत नाही. मी तिचा हात धरून परत आत न्यायचे. हात स्वच्छ धुतलेला, चोळून ऊबदार केलेला. एक तळवा डोक्यावर टोपीसारखा, दुसरा दुमडलेल्या पावलांखाली. फिरवायचा नाही, थोपटायचं नाही, नुसता ठेवायचा. मिनिटा-दोन मिनिटांत फाकलेली बोटं मिटतात, आकडा आपल्या जागी येतो. त्या क्षणी आईच्या चेहऱ्यावर जे यायचं, त्यासाठी मी ती नोकरी इतकी वर्षं केली.

डॉक्टरांनी होकार दिला की बाळांना उघड्या छातीवर घ्या, कातडीला कातडी लागेल असं. १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात डॉ. एडगर रे यांनी पेट्या अपुऱ्या पडत होत्या म्हणून ही पद्धत सुरू केली, आता जागतिक आरोग्य संघटना २०२२ पासून कमी वजनाच्या बाळांसाठी दिवसातून ८ ते २४ तास असं धरायला सांगते. जुळ्यांत आईला एकटीला ते जमणार नाही, आणि जमवायची गरजही नाही. वडिलांची छाती तितकीच ऊबदार असते. पुढून उघडणारे दोन सदरे बॅगेत ठेवा, एक तुमच्यासाठी, एक त्यांच्यासाठी.

आणि घरातली ती यादी. कपडे थोडे आणि लहान मापाचे घ्या. जुळी बहुतेक अडीच किलोच्या आतबाहेर असतात, नेहमीच्या मापाच्या झबल्यात ती हरवून जातात. झोपायला प्रत्येकाला स्वतःची जागा, सपाट आणि घट्ट गादी, उशी-लोड काही नाही, बाळ पाठीवर, आणि तुमच्याच खोलीत. गाडी नंतर घेतली तरी चालेल. आत्ता कागद घ्या आणि तासांचा हिशोब मांडा. नवजात बाळ २४ तासांत ८ ते १२ वेळा दूध पितं. आपण ८च धरू. पाजणं, ढेकर काढणं, लंगोट बदलणं मिळून एका खेपेला ४० मिनिटं. दोघांचे मिळून होतात १० तास ४० मिनिटं. यात तुमचं जेवण नाही, आंघोळ नाही, झोप नाही. हा आकडा घरातल्या सगळ्यांसमोर ठेवा आणि विचारा, यातले कुठले तास कोण घेणार? 'आम्ही आहोत ना' हे उत्तर चालणार नाही. 'रात्री दहा ते दोन मी' असं उत्तर हवं, नावानिशी.

एक वहीही घ्या. मधोमध रेघ, डावीकडे एक बाळ, उजवीकडे दुसरं. दूध कधी, किती, शी-शू, औषध. माझ्याकडे पहिले काही दिवस वही नव्हती. घरी आल्यावर तिसऱ्या पहाटे मी व्हिटॅमिनचे थेंब एकाच मुलीला दोनदा दिले आणि दुसरीला दिलेच नाहीत. डॉक्टरांना फोन केला, एका जादा मात्रेने काही होणार नाही म्हणाले, झालंही नाही. पण त्यानंतर लिहिल्याशिवाय मी एक थेंब दिला नाही. दोघी दिसायला सारख्या, म्हणून हॉस्पिटलचे पट्टे कापायच्या आधी एकीच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाला रंग लावला. ओळखीसाठी दोरा मात्र बांधू नका. पाय भरत जातो, दोरा रुततो आणि रक्त अडतं.

प्रश्न : माझ्या पत्नीला २६ आठवडे झालेत. दोघांची वार वेगळी आहे. डॉक्टर म्हणतात, पहिलं बाळ डोक्याकडून असेल तर नॉर्मल बाळंतपणाचा प्रयत्न करू. घरचे म्हणतात, जुळं आहे, धोका कशाला, सरळ सिझेरियन करा. पत्नीला नॉर्मल हवंय. मी कुणाच्या बाजूने उभं राहू?

उत्तर : पत्नीच्या. पण नीट विचारून घेऊन उभे राहा.

तुमच्या डॉक्टरांचं म्हणणं अभ्यासाला धरून आहे. २०१३ साली एक मोठी आंतरराष्ट्रीय पाहणी प्रसिद्ध झाली. ३२ आठवडे पूर्ण झालेल्या, पोटात जुळं आणि त्यातलं पहिलं बाळ डोक्याकडून असलेल्या २,८०० गर्भवतींचे दोन गट केले होते. एका गटात सिझेरियन ठरवून, दुसऱ्यात नॉर्मलचा प्रयत्न. बाळांच्या जिवाच्या किंवा गंभीर दुखापतीच्या दृष्टीने दोन्ही गटांत फरक आढळला नाही. मात्र नॉर्मल ठरवलेल्यांपैकी शंभरातल्या ४४ जणींचं शेवटी सिझेरियनच झालं. हे आधीपासून माहीत असावं, म्हणजे टेबलावर जाताना पत्नीला आपण हरलो असं वाटत नाही.

पहिलं बाळ म्हणजे गर्भाशयाच्या तोंडाजवळचं. ते पायाळू किंवा आडवं असेल तर बहुतेक ठिकाणी सिझेरियनच सुचवतात. दुसरं पायाळू असलं तर तेवढ्यावरून नॉर्मल बाद होत नाही, पण मग पायाकडून बाळंतपण करण्याचा हात असलेली व्यक्ती त्या वेळी हजर हवी. म्हणून डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा. दुसरं बाळ फिरलं तर तुम्ही काय कराल, आणि असं तुम्ही किती वेळा केलंय? भूलतज्ज्ञ रात्रीसुद्धा इमारतीतच असतात की घरून येतात? रक्ताची सोय काय? शेवटचा प्रश्न विसरू नका. दोन बाळांनी ताणलेलं गर्भाशय बाळंतपणानंतर आकसायला वेळ लावतं आणि रक्तस्राव जास्त होऊ शकतो. उत्तरं चोख आली तर घरच्यांना शांतपणे सांगा. आली नाहीत, तर सिझेरियन किंवा दुसरं ठिकाण, यातलं काय करायचं ते दोघांनी मिळून ठरवा.

तुमच्या कामाचं म्हणाल तर त्या दिवशी सोबतीला दोन माणसं हवीत, एक नाही. पहिलं बाळ तपासायला नेतात, पाठोपाठ दुसरं, आणि आई अजून टेबलावर असते. बाप बाळांमागे धावतो, आणि आई शुद्धीवर असूनही तिला कुणी काही सांगत नाही. छताकडे बघत 'रडली का दोघं?' असं पुन्हा पुन्हा विचारणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. बाळांबरोबर कोण जाणार आणि पत्नीपाशी कोण थांबणार, हे आधी ठरवा. आणि बाळांबरोबर तुम्ही गेलात, तर वजन, वेळ, रडणं, जे कळेल ते पहिल्या दहा मिनिटांत तिच्या कानावर घालायला परत या.

प्रश्न : ताई, माझ्या सुनेला आठवा महिना आहे, जुळं आहे. मला वाटतं तिने आता पडूनच राहावं. ती ऐकत नाही, चालते-फिरते. शिवाय तिची चण बारीक, दोघांना पुरेल एवढं दूध तिला कुठलं येणार? मी पावडरीचे डबे आणून ठेवायचं म्हणते तर ती नाराज होते. माझं चुकतंय का?

उत्तर : काकू, तुमचा जीव तिच्यात आणि बाळांत अडकलाय हे पत्रातूनच कळतं. पण या दोन्ही बाबतींत सुनेचं ऐका.

नुसतं पडून राहिल्याने अवेळी बाळंतपण टळत नाही, हे आता बऱ्याच अभ्यासांतून दिसलंय. उलट पायांत रक्ताच्या गाठी व्हायची भीती वाढते आणि बाळंतपणाच्या वेळी लागणारी ताकद कमी होते. डॉक्टरांनी तिला मुद्दाम विश्रांती सांगितली असेल तर गोष्ट वेगळी. नाही तर झेपेल तेवढं चालू दे, दुपारी कुशीवर आडवी होऊ दे, वजन उचलू देऊ नका. सहसा कमी पडतं ते रक्तातलं लोह. हिमोग्लोबिन पुन्हा तपासलंय ना आणि गोळ्या रोज घेतल्या जातायत ना, इकडे तुमचं लक्ष असू दे.

दुधाचा आणि अंगकाठीचा संबंध नाही. दूध मागणीवर तयार होतं. जितक्या वेळा स्तन रिकामा होतो, तितका शरीराला निरोप जातो की अजून लागणार आहे. दोघं ओढायला लागली की बहुतेक आयांना दोघांपुरतं दूध येतं, पण त्याची सुरुवात पहिल्या काही तासांतच व्हावी लागते. बाळं पेटीत असतील आणि ओढत नसतील (चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं यांचा मेळ ३४व्या आठवड्याच्या सुमारास बसतो), तर पहिल्या सहा तासांच्या आत हाताने दूध काढायला लागायचं, पुढे दिवसरात्रीतून निदान आठ वेळा, एक खेप रात्रीची. पहिल्या दिवशी चिकाचे चारच थेंब निघतील. वाटीच्या तळाशी दिसणारही नाहीत. 'एवढंसंच?' असं कुणी तिच्यासमोर म्हणू नये, एवढं तुम्ही सांभाळा. ते थेंब पिचकारीत भरून आम्ही बाळाच्या गालाच्या आत सोडायचो, एकही वाया घालवत नसू.

वरचं दूध कधीच लागणार नाही असं मी म्हणत नाही. वजन वाढलं नाही, साखर उतरली, तर डॉक्टर सांगतील आणि तेव्हा ते द्यायचं. त्यात आईचा कमीपणा नाही. पण डबे आधीच समोर मांडून ठेवले की पहिल्याच रडण्याला हात तिकडे जातो. पाचव्या-सहाव्या दिवसापासून प्रत्येक बाळाचे २४ तासांत सहा किंवा जास्त लंगोट ओले होत असतील आणि वजन वाढत असेल, तर दूध पुरतंय असं समजा.

तुमची गरज आहे ती दुसऱ्या ठिकाणी. सुरुवातीला एकेकाला पाजू दे, हात बसला की दोघांना एकदम, प्रत्येकाचं अंग तिच्या काखेखालून मागे आणि डोकं तिच्या तळव्यावर. तेव्हा तिचे दोन्ही हात अडकलेले असतात. उशी सरकली तर सरळ करायला, पाण्याचा पेला तोंडाशी धरायला, एक बाळ आधी सुटलं तर ते उचलून खांद्यावर घ्यायला तिसरे हात लागतात, ते तुमचे. पहाटेची एक खेप नेमाने तुम्ही सांभाळलीत तर तिला सलग चार तास झोप मिळेल. पहिले दहा-बारा दिवस ती मधूनच रडेल, तेही होऊ द्या, जवळ बसा. पण दोन आठवडे उलटूनही ती खात नसेल, बाळं झोपली तरी तिला झोप लागत नसेल, बाळांकडे बघावंसंच वाटत नाही म्हणत असेल, तर 'होतं असं' म्हणून सोडू नका, तिला घेऊन डॉक्टरांकडे जा. जुळ्यांच्या आयांत हे जास्त आढळतं. आणि एका बाबतीत तर दोन आठवड्यांचीही वाट पाहू नका. ती बाळांच्या किंवा स्वतःच्या जिवाबद्दल भलतंच बोलली, किंवा अजिबात न झोपता अखंड बडबडत राहिली, तर त्याच दिवशी न्या. तोवर तिला एकटं ठेवू नका.